हळद थांबते तिथे

"बोल गो बायो. हवं का नको? तुजं तू बोल, नायतं हलद इथंच थांबली."

हा आवाज चांगुणाआतेचा. माझ्या बापाची थोरली बहीण, आमच्या आगरी गावातली धवलारीण, म्हणजे गाण्यांनी लग्न लावणारी बाई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. पण भावाच्या घरी दुपारी चटईवर जरा आडवी होते, अंगणात मांडवाचे बांबू ठोकले जात असतात, आणि त्या ठोक्यांच्या मधल्या फटींतून तो आवाज येतो. डोळे जड होतात. मी त्याला येऊ देते.

आज संध्याकाळी माझ्या भाचीची, प्रांजलची हळद. आमच्याकडे हळदीला बायका नवरीला आतल्या खोलीत नेतात आणि दार लावून घेतात. धवलारीण हळद लावता लावता गाते आणि प्रत्येक कडव्याला नवरीला विचारते: नवऱ्याचा हात कुठं हवा, कुठं नको, घाईनं की दमानं. नवरी स्वतःच्या तोंडानं बोलल्याशिवाय हळद पुढच्या अंगाला जात नाही. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडतात, नवरी लाजून अर्धी होते, पण बोलते. आते गेल्यावर ती गाणी माझ्याकडे आली. आज नवरीला विचारायचं ते मी.

प्रांजल म्हणते, "आत्या, यंदा मांडवात होऊ दे, माइकवर. दार कशाला लावायचं? आपल्याला काय हवं ते बोलायची चोरी आहे का?"

आणि सकाळी कुमुदताईंचा फोन. बायकांच्या संघटनेत आम्ही दोघींनी मिळून केस पिकवले. त्या म्हणाल्या, "द्वारका, समोर प्यायलेले पुरुष, हातात मोबाइल. उद्या ती पोर त्यांच्या खिशातून गावभर फिरेल. ह्याला तू मोकळेपणा म्हणणार?"

दोघींनाही मी सांगून ठेवलंय, संध्याकाळपर्यंत कळवते. बांबूचा एक ठोका पडतो. पुढचा पडत नाही.

मी आतल्या खोलीत आहे. कडी लागलेली. हळदीचा ओला वास, भिंतीला टेकवलेला पाट, आणि पायाखाली थंड काहीतरी. खाली बघते तर जमिनीवर पाणी. भिंती कधी मागे सरकल्या कळत नाही. खोलीचं मिठागर झालंय, लांबवर चौकोनी वाफे, त्यांत आभाळ पडलेलं. मधोमध आते. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात लाकडी फळी, ती मीठ ओढतेय.

"आलीस? पाय धुवून ये," ती म्हणते, मग स्वतःच हसते. "ऱ्हाऊ दे. इथं सगलं पानीच हाय."

"आते, तू किती तरुण दिसतेस."

"आन तू म्हातारी झालीस गो. माज्यापरास मोठी दिसतंस."

मी वाफ्यात उतरते. पाणी घोट्यापर्यंत, कोमट. समोर खुर्च्या मांडल्या आहेत, आमच्या मेळाव्यातल्या लोखंडी खुर्च्या, पाय पाण्यात बुडालेले. एकीवर कुमुदताई, एकीवर प्रांजल. प्रांजलच्या कपाळाला मुंडावळ्या आहेत, कुमुदताईंच्या मांडीवर पर्स.

"लाज आपल्याला शिकवली कुणी?" प्रांजल विचारते.

"आणि शिट्ट्या कोण मारणार?" कुमुदताई म्हणतात.

"म्हणून आपण गप्प बसायचं?"

"म्हणून आपण त्यांची करमणूक व्हायचं?"

पाणी जरासं चढतं. दोघींनाही ते कळत नाही. आते फळीवर हनुवटी टेकून ऐकतेय, गावजत्रेत नवखी माणसं बघावीत तशी.

"माज्या गान्यावरनं भांडतान," ती मला म्हणते, "आन मना कोनी इचारलं पन नाय."

"मी विचारते. सांग. दार उघडं की बंद?"

ती बांधावरून चालायला लागते. मी मागोमाग. बांधाच्या टोकाला उघाडी आहे, खाडीचं पाणी आत घ्यायचं लाकडी दार. आते ती वर ओढते. भरतीचं पाणी घुसतं, वाफा गढूळ होतो. ती दार खाली सोडते. पाणी हळूहळू निवळतं. आणि ती गाते, तोंडातल्या तोंडात, पीठ चाळावं तसं.

*येल तुज्या दारी बायो, भरतीचा पानी,*
*उघाडी वर घेशील, का बांधशील रानी?*
*तुजा आगर, तुजा मीठ, तुजी गो उन्हाली,*
*तू बोलशील तवा लाट येल तुज्या पाऊली.*

"पानी घेतलंच नाय, तर मीठ नाय पिकत," ती म्हणते. "सगलं घेतलं तरी नाय पिकत. कवा उघडाचं ते जिचं आगर तिनं बघाचं. मांडव का खोली, ते त्या पोरीला ठरवू दे, तिची हलद हाय. तिला शिट्ट्या पन सांग, मोबाइल पन सांग, मंग ठरवू दे. तू आन ती पर्सवाली, तुमी दोघी म्हाताऱ्या कशाला मदी पडतान?"

"मग झालंच की. तिनं ठरवावं, मी गाईन."

आते माझ्याकडे बघते. तिचे डोळे मिठावरच्या उन्हासारखे, बघवत नाहीत.

"तू इचारनार तिला?"

"मीच ना. गाणी माझ्याकडे आहेत."

"गानी हायेत. पन इचारनारीनं आदी सवता बोललेलं लागतं. नायतं नवरी खोटं बोलते. तिला लगेच समजतं, समोरची कवा बोललेली नाय."

मी म्हणते, "मी तर आयुष्यभर बोलले, आते. मेळाव्यांत, कोर्टाच्या पायऱ्यांवर. बाईच्या शरीरावर हक्क तिचा, हे मी किती गावांत सांगितलं."

"शंभरांम्होरं बोलाला सोपं, बायो."

बांध संपतो आणि मी पाटावर बसलेली आहे. खोली परत आलीय. माझं लग्न आहे. मी कॉलेजात शिकलेली, आणि ही गाणी मला गावंढळ वाटतात. डोळे मिटून, ओठ आवळून मी बसून आहे. पाठीवर ओली हळद, तिथंच थबकलेला एक हात. बायका वाट बघतायत. कुणीतरी खोकतं. आणि मग माझ्या मागून एक बारीक आवाज येतो, "हवं." बायका खिदळतात. हात पुढे सरकतो.

"तेव्हा कोण बोललं ते?" मी विचारते. "मी नव्हते बोलले."

आते पाठीमागे आहे. हात थांबलाय.

"मी," ती म्हणते. "मी तुजा आवाज काडला. तुजा बाप दार ठोकत व्हता, व्हऱ्हाड वाटंला लागलं व्हतं, हलद सुकत चाल्ली व्हती. मना वाटलं, पोर शिकलेली हाय. इथं लाजते, घरी जाऊन बोलंल. कवा कोनाला सांगितलं नाय मी ते. दुसऱ्या कंच्याच नवरीसाठी मी बोलली नाय. तुज्यासाठीच बोलली, आन तुजाच बोल ऱ्हायला."

मी मान वळवत नाही.

"बोललीस का मंग नवऱ्याशी?"

"ते चांगले आहेत, आते. कधी हात उगारला नाही. कधी जबरदस्ती केली नाही."

"ते नाय इचारलं मी."

मला सगळी भाषणं आठवतात. त्यांतलं एकही वाक्य इथं चालत नाही.

"आता ह्या वयात?" मी म्हणते.

"वयाला काय धाड भरली? जा. ऊन कलतंय." ती पुढे येते, माझी मूठ उघडते, तीत काहीतरी ठेवते आणि एकेक बोट मिटवते, लहान मुलाच्या हातात खाऊ द्यावा तसं. तिचे हात खरखरीत आहेत. मी ते धरायला जाते आणि हाताला चटईच्या काड्या लागतात.

अंगणात मांडव उभा राहिलाय. बायकांची कुजबुज, नारळ सोलल्याचा आवाज. माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली. उघडते. तळव्यावर जाड्या मिठाचे चार-पाच खडे, ओलसर, कडांना किंचित मातकट. अजून विरघळलेले नाहीत.

दारात हे उभे. हातात दोन कप.

"उठलीस? प्रांजल दोनदा येऊन गेली. माइकवाला विचारतोय, वायर कुठवर ओढू."

"तिला सांगा, मांडव की खोली ते ती ठरवेल. मांडव म्हणाली तर आधी सगळ्यांचे मोबाइल तुम्ही गोळा करायचे."

"मी? मार खाईन." ते हसतात. "आणि कुमुदताईंना काय कळवू?"

"त्यांच्याशी मी बोलेन. तुम्ही बसा जरा."

ते चटईच्या कडेला बसतात, कप खाली ठेवतात. माझ्या हाताकडे त्यांचं लक्ष जातं. "मीठ कशाला धरलंयस?"

मी खडे बशीत ठेवते. हाताला ओल राहते. बाहेर कुणीतरी प्रांजलला हाक मारतं, ती आतून ओ देते. मी चहाचा कप बाजूला सारते.

"अहो," मी म्हणते, "तुम्ही रोज आधी दिवा मालवता. मला लाज वाटते असं तुम्हाला वाटतं. मला लाज नाही वाटत. कधीच वाटली नाही. मला अंधार नको असतो. मला घाई नको असते. मला तुमचा चेहरा बघायचा असतो."