अकरावा थर

गोरक्ष तो आकडा मनानेच लिहून टाकेल, ही धास्ती पुष्पावतीच्या मनातून काही जाईना. तिचा पोरगा खोटारडा नव्हता, वैतागला होता. आणि वैतागलेला माणूस काय करील याचा नेम नसतो.

श्रीरामपूरच्या कॉलेजात तो भूगोल शिकवायचा आणि पुण्याच्या सरांकडे डॉक्टरेट करायचा. नॉर्वेच्या वर, गोठणाऱ्या समुद्राच्या तळात नळी खुपसून काढलेला गाळ सरांकडे आला होता. एकेका थराची एक डबी. गाळ चाळणीवर धुवायचा, माती वाहून जाऊ द्यायची आणि उरलेले वाळूचे दाणे भिंगाखाली मोजायचे.

"भर समुद्रात वाळू जाते कशी रे?" तिने एकदा विचारलं होतं.

"हिमनदी जमीन खरवडत समुद्राला मिळते, आई. तिचे तुकडे तरंगत जातात, वितळतात, पोटातली वाळू तळाला सोडतात. ज्या थरात दाणे जास्त, त्या काळी तसा बर्फ जास्त."

एवढं सगळं खरं, पण धुवायला पाणी? त्र्याहत्तरचा दुष्काळी उन्हाळा. कॉलेजच्या प्रयोगशाळेचा नळ कधीच आटला होता, म्हणून डब्या घरी आल्या. टँकर येई तेव्हा येई. गोरक्ष स्वतःच्या अंघोळीचं पाणी चिखलाला घाली. धुणीभांडी करणाऱ्या छबूबाईला ते बघवत नसे.

"आमी डोक्यावर पानी वाहतो, अन् दादा चिखुल धुत्यात."

"फार जुना चिखल आहे हा, छबूबाई," पुष्पावती समजावी.

"मंग ऱ्हाऊ द्या की तसाच. इतकी वर्सं ऱ्हायलाच ना."

चाळणीखाली गेलेलं गढूळ पाणी छबूबाई कढीपत्त्याला घाली. पुढे तो वाळला. उन्हानेच वाळला असेल, पण तिने खापर चिखलावर फोडलं.

आणि परवा ते झालं. अकराव्या थराची वाळू मोजण्याआधी बशीत घालून मोरीच्या कठड्यावर उन्हात वाळत ठेवली होती. छबूबाईने त्या वाळूने दुधाचं पातेलं घासलं.

"चिमूटभरच हुती, पर लई झ्याक, बाई. करपलेलं सुदिक निघालं बगा."

गोरक्षने मोरीत वाकून बघितलं, तर सगळं वाहून गेलेलं.

"दहाव्यात दाणे कमी, बाराव्यात जास्त," तो आईला म्हणाला. "मध्ये मधला आकडा टाकतो. तळाशी बघायला कोण जातंय?"

"सरांकडे त्या थराचा आणखी गाळ नसेल?"

"असेल. पण मागितला तर विचारतील, घरी कशाला नेलास. सगळ्या डब्या काढून दुसऱ्याला देतील. टपून बसलेत लोक."

तेही खोटं नव्हतं. पण मागे हाच पोरगा ताटावर हात वाळेपर्यंत बोलत राहिला होता. बर्फ शिस्तीत येत नाही, आई. वर काही नाही, खाली काही नाही आणि मधल्याच एका थरात दाणेच दाणे. त्या दिवशी वरण गार झालं, तरी तिला मध्येच टोकवलं नव्हतं.

मधला आकडा असा अंदाजाने भरायचा, तर बाकीचे थर अंघोळ सोडून धुतले कशाला? दोन दिवस तिने हे गिळलं. आज सकाळी तो मोजणीचा तक्ता घेऊन बसला, तेव्हा ती पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"सरांचा नंबर सांग."

"आई, तू काय बोलणार त्यांच्याशी?"

"माझ्या मोरीत गेला म्हणून सांगते. पातेलं माझं, बाई माझी. बोलणी मी खाईन. आणखी गाळ देतात का, तेही विचारीन. तोवर ती जागा कोरी ठेव."

त्याने पेन्सिल तक्त्यावर आडवी ठेवली. मग नंबर सांगितला. "ट्रंककॉल दुपारशिवाय लागायचा नाही."

"मग दुपारपर्यंत पोस्टात बसते," म्हणत तिने चपला पायात सरकवल्या.