टेबलफॅनचं रडार

वायुदलाला नवी लढाऊ विमानं घ्यायची होती, आणि निवड आपल्यावरच सोपवली आहे अशा थाटात बाबा त्या वर्षी अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांत वावरत. त्याच सुमारास माझ्यासाठी स्थळंही बघत होते. दोन्ही कामं त्यांनी एकत्र उरकायला घेतली. मुलाच्या तोंडात पोहे असतानाच प्रश्न यायचा, "जुन्या विमानाच्या आणि नव्या विमानाच्या रडारात फरक काय?" बरीच स्थळं अशी परत गेली. एक मुलगा तर बँकेतला होता. आई अजून हळहळते.

मग बदलापूरचं स्थळ आलं. या मुलाला मी उल्हासनगरच्या कॉम्प्युटर क्लासपासून ओळखत होते, पण शेजारच्या मुलीनं प्रेमविवाह केला तेव्हा बाबांनी त्यांच्या घरचा चहासुद्धा सोडला होता. म्हणून मी त्याच्या मावशीकरवी त्याला रीतसर आणवलं. रडार मात्र मीच शिकवलं, बाबांनी मला शिकवलं होतं तसंच.

प्रश्न आला. त्यानं बशी खाली ठेवली.

"काका, जुनं रडार म्हणजे टेबलफॅनच्या जाळीला बांधलेलं ताट. मान तिकडे वळली की इकडचं दिसत नाही. नव्याला मान हलवावीच लागत नाही. एकाच पाटावर शेकडो छोटी रडारं, बसल्या जागी डावीउजवीकडे बघतात."

फॅनला ताट बांधून दाखवणं ही बाबांची स्वतःची युक्ती, जगात दुसऱ्या कोणाला सुचणं शक्य नव्हतं. गाढवासारखी मी तीच जशीच्या तशी पढवली होती.

बाबांनी मात्र त्याच्या पाठीवर थाप मारली. "अगं, हा तर माझ्याच डोक्याचा निघाला," ते आईला म्हणाले.

आईनं चहा ठेवून मला आत बोलावलं.

"कधीपासून चाललंय?"

मी उगाच पोह्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"रडार चालू ठेवलं की शत्रूलाही आपला पत्ता लागतो. तेवढं शिकवायचं राहिलं का गं?"

बाबांचं रडारपुराण चालू असताना ती कायम भाजी निवडत बसायची. ऐकत असेल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. आता सगळं मोडणार म्हणून मी रडायलाच लागले.

तिनं पोह्यांची आणखी एक बशी भरली, वर खोबरं जरा जास्तच भुरभुरलं.

"डोळे पूस आणि हे त्याला दे. म्हणावं, आता नुसतं खा. जास्त बोललास तर ह्यांनाही दिसेल."