इस्माईलच्या भावाचं पत्र

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको होती तेव्हा तिच्यापाशीही नाही. आता का सांगतोय? ते राहू दे.

इथं सौदीत, अल-खोबरला मुलाच्या घरी सूनबाई दुपारी मला पुस्तक वाचून दाखवते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा लेखकाची पत्रं. माणूस रोज लिहायचा — बायकोला, भावाला, पुस्तक छापणाऱ्याला. बायकोला लिहिणार, तब्येत ठणठणीत. त्याच दिवशी छापणाऱ्याला, अंथरुणावर आहे, मजकूर उशिरा येईल. आम्ही दोघं हसायचो. परवा ती मधेच थांबली. "इथं नुसती टिंबं आहेत, बाबा. अक्षर लागलं नाही, असं संपादकांनी खाली लिहिलंय."

एवढे शिकलेले लोक — आणि सरळ कबूल करून मोकळे? मी म्हटलं, आज पुरे.

तरुणपणी इथंच, रास तनुराच्या मजूर कॅम्पात आमच्या खोलीत वाचता येणारा मी एकटा. म्हणजे चौथी पास. छापलेलं वाचतो, हातानं लिहिलेलं, सुटं असेल तर. पण हे कोण सांगणार? शुक्रवारी सगळे पत्रं घेऊन माझ्या खाटेपाशी यायचे, चहा आयता यायचा. "तात्या, तू वाचलंस की घरी जाऊन आल्यासारखं वाटतं," इस्माईल म्हणायचा. रत्नागिरीकडचा, शाळेची पायरी न चढलेला.

त्याच्या भावाचं अक्षर घाईचं, एकात एक गुंतलेलं. निम्मं मला लागायचं नाही. उरलेलं मी पदरचं घालायचो — आंब्याला मोहोर बरा आहे, आई आठवण काढते. घरच्या पत्रात दुसरं काय असतं?

एका पत्रात एका ओळीखाली रेघ मारलेली होती. तिथं मी अडलो. सगळे बघत होते. मी वाचलं — आई खुशाल आहे.

पुढं गावाहून माणूस आला, तेव्हा कळलं. आई गेली होती. भावाचा निरोप होता, मी आधीच पत्रानं कळवलं होतं. इस्माईलनं मला विचारलं, "तात्या, होतं का रे पत्रात?"

मी म्हटलं, नव्हतं. परत बघतो म्हणून ते पत्र मागून घेतलं. मोरीत उभा राहून एकेक अक्षर लावलं — आईचं काही खरं नाही, मिळेल ती रजा घेऊन ये. लागलं की. सावकाश वाचल्यावर सगळं लागलं. मग फाडून टाकलं.

भाऊ खोटारडा ठरला. दोघं पुन्हा बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात तो भाऊ वारला. इस्माईल अजून सौदीतच, अल खर्जला, गाईंच्या फार्मवर आहे. त्यानं मला फोन केला. भावाची पोरं सारखी फोन करतायत म्हणाला, चाचा, अब्बांचं तुमच्याशी काहीतरी बोलायचं राहिलं होतं, असं सांगतायत. "उचलू का, तात्या? तू म्हणशील तसं."

मी म्हटलं, नको उचलू.