अप्पांचा डावा हात

मन्मथअप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. अगदी खाली नव्हे, कारण माझं पोट आणि आमच्या जॅकची उंची यांचं कधी जमलं नाही. पण डावं पुढचं चाक काढून, अंगणात पोतं अंथरून, मान आत घालून बसलो होतो. बायको फोन घेऊन दारात आली. "अहो, बाहेर या." मी म्हटलं, "आधी चौदाचा पाना दे." ती म्हणाली, "आधी बाहेर या." आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मला वाटलं, चहा झाला असेल. बाहेर आलो. मानवतला, सकाळी दुकानाची किल्ली घेऊन निघालेले अप्पा ओट्यावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत... मी हातातल्या पकडीकडं बघत राहिलो. माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगण्यासारखा नाही, पण आला. रविवारी अप्पा येणार होते. आता हे चाक कोण बसवणार?

अप्पा माझे साडू. माझी बायको शैला, तिच्या मोठ्या बहिणीचे, सुशीलाअक्कांचे यजमान. मानवतच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. अंगानं उंच, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं मोजकं. मी परभणीत जन्मभर विमा विकला, त्यामुळं आमच्या दोघांत जे काही बोलणं व्हायचं त्यातलं बरंचसं माझंच असायचं. साडू-साडूंचं नातं तसं अवघडच. दोघंही एकाच घरचे पाहुणे, आणि जेवायला बसल्यावर कुणाच्या ताटात तूप जास्त पडलं हे न बघितल्यासारखं करून बघायचं. आम्हाला जोडून ठेवलं ते त्या गाडीनं.

गाडी आमच्या सासऱ्यांची. पालमला त्यांची शेती. त्यांना मुलगा नव्हता. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून किल्ली खाटेवर ठेवली. म्हणाले, "चालती हाय तवर घरात ठेवा. उभी राहिली की भंगारात घाला. दारात गंजू देऊ नका." त्यांच्या दोन्ही लेकींनी यातलं पहिलंच वाक्य ऐकलं, दुसरं आमच्यावर सोडलं. अंगण माझ्याकडं होतं म्हणून गाडी परभणीला राहिली. सासरे गेले तरी बहिणी त्या गाडीत बसल्या की मागच्या सीटवर त्यांचं माहेर सुरू व्हायचं.

आणि मग एका उन्हाळ्यात गाडी डावीकडं ओढायला लागली. सोबत जळका वास. मी अप्पांना तोंडावर सांगितलं, "अप्पा, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि पुढच्या खेपेला मी चालवत असताना सबंध रस्ता माझ्या पायाकडं बघत बसले. मानवतला उतरल्यावर म्हणाले, "साडभाऊ, पाय तर तुमचाबी ब्रेकवर नव्हता. पर वास हाय." मग खाली वाकून, लेकराचा ताप बघावा तसा हाताचा पालथा पंजा एकेका चाकाजवळ नेला. तीन चाकांशी काही बोलले नाहीत. डाव्या पुढच्या चाकाशी हात झटकन मागं घेतला. "हे घ्या. तापलंय."

ज्यांनी कधी चाक उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत एक लोखंडी चकती फिरत असते. तिला दोन्हीकडून चिमटीत धरतो तो कॅलिपर. पाय दाबला की धरायचं, पाय उचलला की सोडायचं, एवढंच त्याचं काम. आमच्या कॅलिपरला सोडायचं जमत नव्हतं. ज्या पिनांवर तो मागंपुढं सरकतो त्या गंजून बसल्या होत्या. गॅरेजवाल्यानं गाडी बघून आमच्याकडंच दयेनं पाहिलं आणि म्हणाला, "काढून टाका आता." हे शैलाला सांगायची आमची हिंमत झाली नाही. तेव्हा आम्हीच उघडायचं ठरवलं.

त्या पहिल्या खेपेचा पराक्रम माझा. पिना साफ करून त्यांना ग्रीस लावायचं होतं. मला वाटलं, पिनांना एवढं लागतं तर बाकीच्यांनी काय पाप केलंय? म्हणून चकतीला चिकटून थांबवणारे जे दोन पॅड असतात त्यांच्याही तोंडाला मी प्रेमानं ग्रीस चोपडलं. गाडी अशी मोकळी पळाली की विचारू नका. गल्लीच्या वळणावर शेजाऱ्यांची कडब्याची गंजी होती. बाजूला बसलेले अप्पा शांतपणे म्हणाले, "साडभाऊ, ब्रेक मारा." मी म्हटलं, "मारलाय." ते म्हणाले, "बरं." मग आम्ही गंजीत शिरलो. काचेवर कडबाच कडबा. बऱ्याच वेळानं आतल्या अंधारातून अप्पा म्हणाले, "पर डावीकडं ओढली न्हाई." पुढं कितीतरी वर्षं घरात कुठलंही काम माझ्या हातून फसलं की शैला एवढंच विचारायची, "ग्रीस लावलं का?"

दुसऱ्यांदा उघडताना मला एक गोष्ट दिसली, जी पहिल्यांदा माझ्या बडबडीत दिसली नव्हती. अप्पा फक्त उजव्या हातानं काम करायचे. डावा हात पाठीमागं, नाहीतर गुडघ्यावर उताणा. मला वाटलं, खांदा धरलाय. विचारलं तर म्हणाले, "सकाळी ह्याच्यावर देव बसतो. ब्रेकचं काळं नखातून दोन-दोन दिवस निघत न्हाई. उद्या देव कुठं बसवू?"

आमच्या लिंगायत घरांत गळ्यात इष्टलिंग असतं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच पाणी प्यायचं. अप्पांनी हे कधी चुकवलं नाही. माझी पूजा सणावारी, तीही शैलानं डोळे वटारल्यावर. म्हणजे माझ्या डाव्या हातावर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी बसायला येणार नव्हतं. तेव्हा वाटणी आपोआप झाली. अप्पांचा उजवा, माझा डावा. ते पाना फिरवायचे, मी कॅलिपर धरायचो. ते पॉलिश पेपरनं पिन घासायचे, मी पिनेचं दुसरं टोक धरायचो. "धरा." "सोडा." "थोडं वर." याच्यापलीकडं बोलणं नाही, मलासुद्धा गप्प बसायला लावणारं आयुष्यात ते एकच काम. एकदा मी औषधांच्या दुकानातून रबरी हातमोजे आणले. धारेला लागून पहिल्याच पिनेशी फाटले. अप्पा म्हणाले, "बघा. देवाला रबराच्या भरवशावर ठिवू नका."

मधेच चहा यायचा तेव्हा ते डाव्या हातानं कप घ्यायचे, मी उजव्या. पोत्यावर शेजारी शेजारी बसलेले दोन म्हातारे, दोघांत मिळून कामाचे दोन हात आणि चहाचे दोन. शैला दारातून बघून म्हणायची, "दोघांचा मिळून एक मिस्त्री झालाय, तोबी अर्धवट."

काम झालं की गाडी मानवतपर्यंत चालवून बघायची. तिथं उतरल्यावर अप्पा आधी चाकाला हात लावून बघणार, मग ओट्यावर बसणार. अक्का तांब्या आणि वाटीत डाळीचं पीठ घेऊन यायच्या. आता डावा हात उजव्याला लावला तर एवढा वेळ सांभाळलेलं सगळं वाया. म्हणून अप्पांचा उजवा हात अक्काच चोळून धुवायच्या. एकेक नख, एकेक पेर. अप्पा रस्त्याकडं बघत बसायचे, जणू हात दुसऱ्याच कुणाचा आहे. मी माझा डावा माझ्याच उजव्यानं धुवायचो. एकदा म्हटलं, "अक्का, आमच्याकडंबी बघा की." अक्का म्हणाल्या, "तुमाला दोन हात हायेत."

दर एक-दोन पावसाळ्यांनी तो कॅलिपर पुन्हा धरायचा आणि आम्ही पुन्हा सोडवायचो. या वर्षी गाडी बराच काळ उभी होती, म्हणून पुन्हा धरला. अप्पा रविवारी येतो म्हणाले होते. मला वाटलं, आपण आधीच उघडून ठेवू, तेवढाच भाव खाऊ. आणि फोन आला.

मातीला आम्ही एसटीनं गेलो. गाडी विटांवर होती.

महिना उलटला. चाक भिंतीला टेकून, कॅलिपर तारेनं लटकलेला, वर पोतं. भंगारवाला गल्लीतून जाताना आमच्या फाटकाशी जरा जास्तच रेंगाळायला लागला होता. मग एक दिवस अक्कांचा फोन आला. रीतीप्रमाणं त्यांना चार दिवस माहेरी, पालमला चुलत्यांकडं न्यायचं होतं. मी म्हटलं, "भाड्याची गाडी करतो." मग म्हणाल्या, "बाबांनी सांगितलंय, उभी राहिली की भंगारात घाला. ती उभी हाय का चालू हाय, तेवढं सांगा." मी विटांकडं बघत म्हटलं, "चालू हाय." जन्मभर विमा विकलेला माणूस मी, पण एवढ्या सफाईनं कधी बोललो नव्हतो. "मंग तिच्यातच न्यायला या," अक्का म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं अंथरलं. कॅलिपर धरला. धरूनच बसलो. पुढं काही होईना. जोर लावावा तर कॅलिपर फिरायचा, पिन जागची हलायची नाही. मी पुन्हा धरायचो, पुन्हा थांबायचो... शैला दारात येऊन बराच वेळ बघत असावी. म्हणाली, "उजव्या हाताला काय झालंय तुमच्या?"

मी पाहिलं. उजवा हात गुडघ्यावर होता, स्वच्छ. मी त्याला कामाला लावलंच नव्हतं.

तिनं पदर खोचला, पोत्यावर माझ्या उजवीकडं येऊन बसली आणि पाना उचलला. "कुठं लावायचाय?" मी दाखवलं. पिन करकरली, अडली, मग सुटली. तिनं घासायचं, मी धरायचं. "धरा." "सोडा." ग्रीसचा डबा उघडला तेव्हा तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. मी म्हटलं, "फक्त पिनांना." चाक बसलं, जॅक उतरला. हात धुवायला मी थांबलो नाही. मानवतला धुऊ, म्हटलं, नेहमीसारखे.

रस्ताभर स्टिअरिंग सैल धरून पाहिलं. गाडी सरळ चालली. मानवतला ओट्यासमोर थांबवली, उतरलो, वाकून डाव्या चाकाजवळ पालथा पंजा नेला. कोमट. बाकीच्या तिघांएवढंच. वर पाहिलं तर अक्का ओट्यावर उभ्या. हातात तांब्या, वाटीत डाळीचं पीठ. बॅग दाराशी तयार होती.

"या, हात धुवा," म्हणाल्या. मी ओट्यावर टेकलो. त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला आणि चोळायला लागल्या. एकेक नख, एकेक पेर. त्या हाताला काळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता. गाडीच्या दारात उभ्या शैलानं बोलायला तोंड उघडलं, मी मान हलवली. डावा हात हळूच मागं नेला आणि रस्त्याकडं बघत बसलो. अक्कांनी तांब्या संपेपर्यंत पाणी घातलं, पदरानं हात कोरडा केला, आणि गाडीत मागं, शैलाशेजारी जाऊन बसल्या.

पालमपर्यंत स्टिअरिंगवर डाव्या हाताचे काळे डाग उमटत राहिले. उजव्या हाताला डाळीच्या पिठाचा वास येत होता.