खतखत्याचा डबा

साखळीच्या बाजारामागे एका सार्वजनिक सभागृहाच्या माडीवर आम्ही चौघं चित्रं काढायचो. गोव्याच्या मुक्तीनंतरच्या उत्साहात बांधलेलं ते सभागृह पुढे लग्नकार्यांना अपुरं पडायला लागलं आणि रिकामी माडी आम्हांला मिळाली. चौघांत एक मी, शाळेत चित्रकला शिकवणारी. दुसरे काका, वास्कोच्या बंदरात नोकरी करून निवृत्त झालेले. ते बोटींखेरीज काही काढत नसत. तिसरा एक फोटोग्राफर, फक्त रविवारी उगवायचा. आणि चौथी ती.

तिचा मला हेवा वाटायचा. आडपडदा ठेवून काय करायचंय? आम्ही दोघी एका वयाच्या, दोघीही पणजीला चित्रकला शिकलेल्या. तिचं माहेर कोरगावचं, पोस्टातल्या नोकरीत बदली होऊन ती साखळीला आली आणि माडीवर आमच्यात सामील झाली. जनेलाजवळची, खिडकीतल्या उजेडाची जागा माझी होती, ती मी तिला देऊ केली नाही. तिनेही मागितली नाही. जिन्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसली, आणि आठवड्याभरात काका, फोटोग्राफर, खालचा रखवालदार, सगळे त्या कोपऱ्यात जाऊन चहात उंडे, आमच्याकडचे गोल पाव, बुडवायला लागले. माझ्या जनेलाकडे फक्त कावळे यायचे.

ब्रश मी साबणाने धुऊन, टोक जुळवून वाळत घालणारी. तिचे ब्रश घासलेटात तसेच लोळत पडलेले असायचे. माझ्या ट्यूबांची टोपणं कधी हरवली नाहीत. तिची कधी जागेवर नव्हती. तरी चित्र तिचंच व्हायचं. हे कुठल्या न्यायाने, ते मला अजून कळलेलं नाही.

माडीवर एक रीत होती. दिवसाचं काम संपलं की आपापल्या पॅलेटवर उरलेला रंग खरवडून एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. वर थोडं पाणी ओतून ठेवलं की त्यावर साय धरत नसे. सगळ्यांचे सगळे रंग एकत्र होऊन एक मातकट करडा तयार व्हायचा, आणि तो नव्या कॅनव्हासवर पहिला हात मारायला उपयोगी पडायचा. कार्याच्या घरी मिळतील त्या सगळ्या भाज्या घालून खतखतं करतात, तसं ते आमचं खतखतं. नाव काकांनी ठेवलं होतं.

पहिला हात मारून आम्ही तो करडा विसरून जायचो. ती तिथेच थांबली. एक दिवस तिने काजूची झाडं काढायला घेतली, कोरगावच्या त्यांच्या बागेतली, आणि खोडांना, फांद्यांना, खालच्या सावलीला, सगळीकडे डब्यातलं खतखतंच लावलं. वर नाममात्र पांढरा आणि कुठे पिकल्या बोंडाचा एखादा लाल ठिपका. काजूचं खोड खरंच तसं असतं, हे मी लहानपणापासून बघत आले होते. बघून मी त्याला तपकिरी रंगवत आले होते.

त्याच सुमारास पणजीहून एक गृहस्थ आले. तिथे मोठं प्रदर्शन भरायचं होतं आणि आमच्या माडीवरच्या एकाच चित्रकाराला त्यात एक अख्खी भिंत मिळणार होती. ही भिंत माझी, असं मी धरूनच चालले होते. सर्वांत आधी माडीवर आले ती मी, जागा मिळावी म्हणून चपला झिजवल्या त्या मी. मुंबईच्या भावाला मी तसं कळवूनही टाकलं होतं.

गृहस्थांनी माझी चित्रं पाहिली. "काम फार स्वच्छ आहे तुमचं," म्हणाले. स्वच्छ! मी काय भांडी घासली होती? मग ते जिन्याच्या कोपऱ्यात गेले आणि काजूच्या झाडांपुढे उभेच राहिले. "पुढच्या महिन्यात परत येतो, तेव्हा ठरवू," म्हणून खाली उतरले. काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मी ब्रश धुवायला घेतले, ते आधीच धुतलेले होते.

तो करडा तिचा कुठे होता? त्यात माझा गेरू होता, काकांच्या समुद्राचा हिरवा होता, फोटोग्राफरच्या चेहऱ्यांचा गुलाबी होता. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मी वर्गात मुलांवर उगाच डाफरायला लागले. घरी आमटीत मीठ दोनदा पडलं.

मग मला एक युक्ती सुचली. तिचा करडा नासवायचा.

चौघांत फक्त माझ्याकडे महागडा कोबाल्ट निळा होता. भाऊ मुंबईहून आणून द्यायचा, आणि मी तो जपून वापरायची. मुगाएवढा पिळायचा, त्यात भरपूर पांढरा मिसळायचा आणि आभाळ भागवायचं. ट्यूब संपत आली की बुडाकडून गुंडाळत आणायची, शेवटी कात्रीने कापून आतलं पुसून घ्यायची. तीच मी त्या संध्याकाळी, सगळे खाली चहाला गेले असताना, नवी ट्यूब डब्यावर धरून पिळली. काठीने ढवळलं. पुरेना, म्हणून आणखी पिळली. त्या महिन्यात मी दोन ट्यूबा त्या डब्यात रिकाम्या केल्या. म्हटलं, आता काढ काजूची खोडं.

तिने काढली. सावल्या निळ्या झाल्या. फटफटायच्या आधी बागेत बोंडं वेचायला जातात, तेव्हा झाडांखाली असतो तो निळा. खोडं त्यातून हळूच पुढे यायची. समोर उभं राहिलं की पायांना थंडी वाजेल असं वाटायचं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझ्या हातून मारुती करायच्या नादात गणपती झाला होता, आणि तोही दुसरीच्या मखरात.

महिन्याने गृहस्थ आले. या वेळी माझ्या जनेलाकडे त्यांनी नुसती मान हलवली. तिच्या चित्रापुढे जाऊन म्हणाले, "भिंत तुमची. पण मला सांगा, हा निळा कुठून आणलात?"

मी मान खाली घालून पॅलेट पुसत होते.

"ह्यो निळो माझो नाय," ती म्हणाली. "हिचो. ही घालता डब्यात, मी काढतंय."

तिने बोट माझ्याकडे केलं होतं. स्वरात टोमणा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. गृहस्थांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "वा, फार उदार आहात तुम्ही." काका हसले. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती, लोक तसंच सांगतात. मला लाज वाटली नाही. इतक्या सहज खरं बोलता येतं, याचाही मला तिचा हेवाच वाटला.

ते गेल्यावर ती उंडा मोडून घेऊन माझ्या जनेलापाशी आली. पहिल्यांदाच आली. माझं अर्धवट आभाळ तिने बघितलं, नेहमीचं, धुवट.

"डब्यात इतको घालतंस," ती आभाळाकडे बोट करून म्हणाली, "मगे हंय कित्याक गो घालणंस नाय?"

मी उंडा घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक माडीवर गेले. भावाने आणून दिलेली शेवटची ट्यूब होती, ती उघडली. आज हात आखडायचा नाही, असं जिन्यातच ठरवलं होतं. पॅलेटवर ट्यूब धरली आणि पिळली. मुगाएवढा निळा बाहेर आला, आणि बोटं आपोआप थांबली.