पंचमीचा मुऱ्हाळी

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या कळसच्या स्टँडवर बापांची आणि भावांची गर्दी असते. नांदत्या लेकीला सणासाठी माहेरी आणायला जो जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आमच्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. डॉक्टरांनी ते सांगितलं त्याच आठवड्यात मी मनाशी बरेच आडाखे बांधले. चालायला उशीर, बोलायला उशीर. आणि मुऱ्हाळी होणं आपल्या वाट्याला नाही, हेही त्यातच धरलं होतं.

या जूनपासून ती बारामतीला असते. तिच्यासारख्या मुलामुलींचं तिथे निवासी केंद्र आहे. मसाल्याची पाकिटं भरतात, स्वयंपाकाच्या पाळ्या लावून घेतात. देखरेखीला एक बाई असतात. बावीस वर्षांत ती कधी घराबाहेर राहिली नव्हती. ती गेल्यापासून टीव्हीचा रिमोट जागच्या जागी सापडतो, आणि तेच मला सोसत नाही. जेवताना मी अजून तिच्या ताटापुरती जागा सोडून बसतो. पत्नीही सरकून घेत नाही.

यंदा मी ठरवलं, पंचमीला आणायची आणि परत सोडायची नाही.

पत्नी एवढंच म्हणाली, "तिला इचारा आधी."

मी विचारणार नव्हतो.

स्टँडवर शेजारचे तात्या भेटले. "काय राव, कुठं?"

"बारामतीला. पोरीला आणाया."

"मंजी मुऱ्हाळी की! आन् हात हालवत निघाला व्हय? शिदोरी कुठंय? तितली मानसं काय म्हनतील?"

तात्या चेष्टेखोर माणूस, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. मी गाडी सोडली आणि घरी आलो. पत्नीने करंज्यांचा डबा काढून दिला. शिदोरी न्यायची असते हे मला माहीत होतं. आपल्याला ते लागू आहे, हे सुचलं नव्हतं.

केंद्रात पोचलो तेव्हा ती पाकिटं भरत होती. मला बघून हसली, पण उठली नाही. "आबा, थांबा. पाळी हाय माजी." मी थांबलो. काम संपल्यावर तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग डबा घेऊन सगळ्यांना करंज्या वाटल्या. "माज्या आईनं केल्यात," असं प्रत्येकाला सांगत होती. माझ्यापुढेही एक धरली. "घ्या. तुमी पावनं."

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या दारातल्या लिंबाला झोका बांधला. माहेरी आलेल्या पोरी जमल्या. आमची दरवर्षी त्यांच्यात असायचीच. त्या सासरचं सांगायच्या, ही ऐकून हसायची.

यंदा एक जण म्हणाली, "आमच्याकडं सासू पाटं पाचलाच उठवती, बाई."

"आमच्याकडं बाई उठवत्यात," आमची म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे वळल्या. "आन् चपात्या कोन करतं गं तितं?"

"मी. सोमवारी माजी पाळी." मग जरा थांबून, "गोल न्हाय होत."

"माज्या तरी कुठं होत्यात! नवरा म्हनतो, हा नकाशा कुठला?" म्हणत ती विचारणारी पोर फळीवर सरकली आणि हिला शेजारी घेतलं.

मी कुंपणापाशी उभा होतो. झोका वर जाताना हिचा आवाज चढायचा, खाली येताना वाऱ्यात जायचा. मधूनमधून एकच शब्द कानावर पडत होता, "आमच्याकडं". कळसमधल्या आमच्या घराविषयी ती बोलत नव्हती.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "सोमवारी जायाचं."

"ऱ्हा की अजून. आईला बरं वाटंल."

"चपात्या कोन करल?"

मी पत्नीकडे पाहिलं. ती भाजी निवडत राहिली.

"बरं," शेवटी म्हणालो. "सोमवारी दुपारच्या गाडीनं सोडतो."

"सकाळच्या," ती म्हणाली.