वाघदेवापुढे मी काय सांगितलं

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. नोकरीत मी बरेच गुन्हे उघडकीस आणले, चुकलोही बऱ्याचदा. पण या गुन्ह्याबद्दल माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा आहे, आणि लाज वाटते ती नेमकी त्या शेऱ्याचीच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरात मी फौजदार होतो. हद्दीत सगळे आदिवासी पाडे. भात आणि नागली घरात येऊन पडली की अर्धा पाडा निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जायचा, तो उन्हाळ्यात मोह वेचायला परत यायचा. एसटी दिवसातून एकदा, तीही घाट चढली तर. नर्सबाई आठवड्याने यायच्या. ठाण्यात आम्ही सात माणसं आणि एक जीप, जिला रोज उतारावर ढकलून सुरू करावं लागे.

अशाच एका पाड्याला पहिल्यांदा नळ आला होता. टेकडीच्या पायथ्याला विहीर, शेजारी पंपघर, वर टाकी आणि दोन तोट्या. त्याआधी बाया नदीपर्यंत उतरून दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन चढत. मोटार चालू-बंद करायला पाड्याने एक म्हातारा नेमला होता. पंपघराची किल्ली त्याच्या करदोट्याला बांधलेली असे.

मार्चमधल्या एका सोमवारी तो म्हातारा बारा-तेरा किलोमीटर चालत ठाण्यात आला. पंपघर उघडलं तर आत मोटार नाही, म्हणाला. ग्रामसेवकाने फिर्याद दिली, मी चोरीचा गुन्हा दाखल केला आणि पंचनाम्याला गेलो. कुलूप शाबूत, कडी-कोयंडा शाबूत. बाया हंडे घेऊन पुन्हा नदीकडे उतरताना दिसल्या.

दोन दिवसांनी पाण्याच्या योजनेचा ठेकेदार ठाण्यात आला. चहा घेता घेता खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "साहेब, ही माणसं दिसतात भोळी. कुलूप तुटलेलं नाही आणि किल्ली म्हाताऱ्याच्या कमरेला. आता मी अजून काय सांगू?"

मला ते पटलं. पटायचं कारणही सांगतो. मी नाशिकजवळच्या मळ्यातला, भाजीपाला करणाऱ्या घरातला. आमच्याकडे विहिरीवरची मोटार गेली की घरचा नाहीतर शेजारचाच कोणीतरी सामील निघायचा. मोटारीच्या चोऱ्यांबद्दल मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, अशी माझी समजूत. नवं कुलूप विकत घेतलं की त्याबरोबर दोन किल्ल्या मिळतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते कुलूप कोणी आणलं आणि दुसरी किल्ली कुठे आहे, एवढं मी त्या ठेकेदाराला विचारलं नाही. उलट त्याला दुसरा चहा पाजला.

म्हाताऱ्याला मी ठाण्यात बोलावून घेतलं. बाकावर बस म्हटलं तरी तो जमिनीवरच बसला.

"मोटार कुठे टाकलीस?"

"म्या नाय नेली, सायेब. आइतवारी म्या बाजारला गेलतो. सोमवारी उघाडलं तं नाय. तूच येऊन पायलंस ना."

त्या भागात बापालाही तू म्हणतात आणि देवालाही. मला ते माहीत होतं, तरी झोंबलं.

त्याच्याकडून दुसरं काही निघेना. मग मला अक्कल सुचली. त्या पाड्याच्या वेशीवर वाघदेव आहे. वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेली एक लाकडी फळी. त्याच्यापुढे खोटं बोलायला माणसं घाबरतात, हे मी ऐकून होतो. म्हटलं, "चल, वाघदेवावर हात ठेव आणि सांग की तू नेली नाहीस. लगेच सोडतो."

म्हातारा म्हणाला, "येकल्याला नाय ठेवता येत. गाव येऊ दे."

"गाव कशाला? चोरी तू केलीस का गावाने?"

"गाव येऊ दे, सायेब."

गाव निफाडला द्राक्षं तोडत होतं. मला वाटलं, म्हातारा वेळ काढतोय. खरा असता तर तिथल्या तिथे हात ठेवला असता. मी उठलो आणि त्याच्या डाव्या कानाखाली मारली. तो भिंतीवर आदळला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस होता.

त्याला मी दोन दिवस बसवून ठेवलं. अटक दाखवली नाही, स्टेशन डायरीत नोंद केली नाही. हे बेकायदा आहे, हे कळायला मला कायद्याचं पुस्तक उघडायची गरज नव्हती.

आमचे हवालदार जुने होते, त्या भागात मुरलेले. दुसऱ्या दिवशी ते हळूच म्हणाले, "साहेब, गाव येऊ द्या म्हणतोय, तर येऊ द्या की. ह्यांची काही रीत असेल." मी चिडूनच म्हाताऱ्याला सोडलं आणि निफाडला निरोप धाडला. तोडणी टाकून, मजुरी बुडवून माणसं टेम्पोने परत आली. मीही गेलो. म्हातारा सगळ्यांसमोर कबूल होईल, अशी माझी खात्री होती.

सकाळी वाघदेवापुढे सगळा पाडा बसला, आणि ती रीत मला तेव्हा कळली. फळीवर हात ठेवण्याआधी प्रत्येकाने आपल्याला जे ठाऊक असेल ते बोलायचं. बाया, म्हातारे, पोरं, सगळ्यांनी. कोणी गप्प राहिला तर शपथ साऱ्या गावावर उलटते. म्हणून एकट्याने हात ठेवायचा नाही. मी ज्याला टाळाटाळ समजलो, ती माझ्या तपासापेक्षा चांगली चौकशी होती. मी तर पाड्यातल्या एकाही बाईला काही विचारलं नव्हतं.

बोलणं फिरत फिरत एका बाईपाशी आलं. ती म्हणाली, "आइतवारी दुपारी नळाच्या ठेकेदाराची जीप आलती. त्याच्या मान्सानं किल्लीनं दार उघाडलं अन् मोटार जीपात घातली. म्या पुसलं, तं दुरुस्तीला नेतो बोल्ला. मंग आमचा टेम्पो आला, आमी निफाडला गेलो. चोरी झाली, हे मला आताच कळतंय."

मी ताडकन उठलो. पण वाघदेवाची पूजा करणारा भगत म्हणाला, "बस, सायेब. बैठक मोडायची नाय. ज्याचा ज्याचा या कामाला हात लागला, त्यानं बोलायचं."

मग तो म्हातारा बोलला. बाजारला कधी गेला, कुलूप कसं उघडलं, ठाण्यात कसा आला. "सायेबानं दोन दिस बशीवलं. च्या दिला," एवढं बोलून थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. सगळेच बघायला लागले. आता माझी पाळी होती.

मी म्हणालो, "तपास चालू आहे. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही." आणि वाघदेवावर हात ठेवला.

पुढचं सगळं सरळ झालं. मोटार दुसऱ्या एका गावाच्या विहिरीवर सापडली. पाटीवरचा नंबर तोच. ठेकेदाराने दोन योजनांना एकच मोटार घेतली होती, आणि ज्या गावची पाहणी असेल तिथे ती बसवत होता. दुसरी किल्ली त्याच्या टेबलाच्या खणात मिळाली. मी त्याला अटक केली, दोषारोपपत्र पाठवलं, आणि वरून तो शेरा आला. चोर सोडून मी संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, हे त्या शेऱ्यात नाही.

कोर्टाच्या आदेशाने मोटार पाड्याला परत मिळाली, तेव्हा मी स्वतः घेऊन गेलो. टाकी भरली, तोट्या वाहायला लागल्या, बाया हंडे घेऊन धावल्या. म्हाताऱ्याने पहिला तांब्या माझ्या हातात दिला. मी काहीतरी बोललो. त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. "ह्या कानाशी बोल, सायेब. तो डावा आता ऐकत नाय."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. मी विचारलं, "त्या दिवशी बैठकीत सांगितलं का नाहीस?"

तो सहज म्हणाला, "ती तुजी गोठ. तू सांगशील म्हनून थांबलो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तरीही मी माफी मागितली नाही. सोबत दोन शिपाई होते, त्यांच्यापुढे वर्दीतल्या माणसाने पाड्यातल्या म्हाताऱ्याची माफी कशी मागायची, या विचारात जीपमध्ये बसलो आणि निघालो. पुढच्या वर्षी बदली झाली. काही वर्षांनी तो गेल्याचं हवालदारांच्या पत्रातून कळलं.

आरोपीला बोलतं कसं करायचं, हे मी पुढे नव्या फौजदारांना शिकवलं. ते माना डोलवायचे. त्या पाड्यात ज्याला ज्याला ठाऊक होतं तो बोलला, कानाला इजा झालेला माणूससुद्धा आपल्यापुरतं खरं बोलला. खोटं बोललेला एकच होता, आणि तो सरकारी पगारावर होता. त्या बैठकीत जे सांगायचं होतं ते असं: मी त्या माणसाला दोन दिवस नोंद न करता ठाण्यात बसवून ठेवलं, आणि त्याच्या डाव्या कानावर मारलं. त्याने काहीही केलेलं नव्हतं.